दचकांक

नागपूरच्या मेंदू-वर्तन प्रयोगशाळेत त्या सकाळी पेढे वाटले जात होते. चारशे बारा घरमालकांचं सहा आठवड्यांचं सहभाव-प्रशिक्षण संपलं होतं आणि त्यांचा सरासरी दचकांक बेचाळीसवरून नऊवर आला होता. दुसऱ्या जातीधर्माचं नाव समोर आलं की विचार करण्याआधीच मेंदू क्षणभर दचकतो. डोक्यावरची जाळीदार टोपी ते दचकणं मोजायची. दचकणं म्हणजेच पूर्वग्रह, असं सगळे धरून चालले होते. सोमवारपासून प्रशिक्षण राज्यभर सक्तीचं होणार होतं.

संख्याशास्त्रज्ञ डॉ. सुकेशिनी गेडाम मात्र पेढा न घेताच प्रमुख डॉ. अरुंधती दामले यांच्या खोलीत शिरली.

"मॅडम, आपण या घरमालकांकडे बनावट भाडेकरूंचे अर्ज पाठवले होते. प्रशिक्षणाआधी शंभरातले एकतीस अर्ज निव्वळ आडनाव बघून नाकारले गेले. प्रशिक्षणानंतर अठ्ठावन्न."

"उलटं वाचलं असशील."

"तीनदा तपासलं."

"अगं, पण दचकांक उतरलाय!"

"तिथेच फसलो आपण. नकार द्यावासा वाटला की आपलं चुकतंय हे त्यांना आतून टोचायचं, म्हणून ते दचकायचे. टोपी ती टोचणी मोजत होती. ज्यांना टोचायचं, तेच पुन्हा विचार करून घर द्यायचे. आपण टोचणी काढून टाकली, मॅडम. पूर्वग्रह आहे तिथेच आहे."

अरुंधतीबाईंनी फोन जवळ ओढला. "बाप रे! सोमवारच्या आत हे थांबवायलाच हवं. तू अहवाल लिही, मी मंत्रालयात फोन करते."

दुपारी अहवाल त्यांच्या टेबलावर होता. तो वाचून त्यांनी सही केली आणि पहिल्या पानावरचं सुकेशिनीचं नाव खोडलं.

"मंत्रालयाच्या समितीपुढे आपल्या इथल्या पाटणकरला पाठवू. गेडाम आडनाव बघून त्यांना वाटेल, हिचंच काहीतरी दुखणं असणार. त्याचं नाव बरं दिसेल."

चहा सांगावा तितक्या सहज त्या बोलल्या. सुकेशिनीला आठवलं: अकरा वर्षांपूर्वी मुलाखतीत तिला गाव, आडनाव विचारताना याच बाई अडखळल्या होत्या. ओशाळून त्यांनी प्रश्न मागे घेतला होता.

तिने कागद ओढून घेतला आणि आपलं नाव पुन्हा लिहिलं.

"मॅडम, प्रशिक्षण तुम्हीही घेतलंत?"

"हो, पहिल्याच तुकडीत," अरुंधतीबाई प्रसन्नपणे म्हणाल्या. "का गं?"