कुरुंद्याचा साक्षीदार

"बाई, दुसरं लग्न केलंय का?"

वसमतच्या तहसील कचेरीत, भर गर्दीत, एका अनोळखी माणसानं असा प्रश्न टाकला आणि चांगुणाचे कान तापले. माणूस उंच होता, मिशी झुपकेदार, काखेत कुबडी आणि डाव्या पायाच्या जागी दुमडून वर खोचलेली खाकी पँट. डोळे मात्र हसरे... नको तितके हसरे!

"तुमाला काहून पाहिजे?" तिनं पदर ओढून घेत विचारलं.

"तुमच्या कागदावर साक्ष कराची हाय. साक्षीदारानं खातरी करून घ्यावी का न्हाई?"

चांगुणा हट्ट्याची. नवरा कोंडीबा एकाहत्तरच्या लढाईत कामी आला, तेव्हापासून त्याच्या नावची पेन्शन तिला मनिऑर्डरीनं घरपोच येई. पण दर नोव्हेंबरात बाईनं कचेरीत येऊन लिहून द्यायचं, की मी पुन्हा लग्न केलेलं नाही. त्यावर दोन साक्षी. एक हट्ट्याचे पोलीस पाटील. दुसरा साक्षीदार नेमका तापानं आडवा झालेला, म्हणून कारकुनानं पेन्शनरांच्या रांगेतून ह्याला बोलावलं होतं. हा कुरुंद्याचा जळबा. आपण जिवंत आहोत, हे सरकारला दाखवायला आला होता बिचारा!

"न्हाई केलं," ती पुटपुटली.

"आन् कराचा इचार?"

"कागदावर तसं इचारलंय?"

"न्हाई... कागदाला येवढी अक्कल कुठं?"

कारकून खाकरला. जळबानं मुकाट्यानं सही ठोकली.

नंतर कचेरीच्या आवारातल्या लिंबाखाली चहा पिताना कळलं, की तो कोंडीबाच्याच पलटणीतला. हे कळल्यावर त्यानं हातातला कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "कोंडीबाच्या बुटाची नाडी कायम सुटलेली राहायची. हवालदार वरडून वरडून थकला." चांगुणाला हसू फुटलं. घरी तो चपलेशिवाय हिंडायचा, त्याला नाडी कुठली बांधता येणार! हसता हसता तिचे डोळे भरले. कोंडीबाच्या आठवणीनं हसणं तिला तोवर ठाऊकच नव्हतं.

"आन् तुमचं काय चाललंय?" तिनं विचारलं.

"मजेत! सरकारनं एक पाय नेला आन् बदल्यात पायानं चालवाची शिलाई मशीन देली. आता एकाच पायानं गावाची पोलकी शिवून राहिलो."

पुढच्या नोव्हेंबरात तापानं पडलेला तो जुना साक्षीदार ठणठणीत बरा होता. तरी चांगुणानं त्याला सांगितलंच नाही. जळबाही सकाळच्या एसटीनं येऊन, रांगेत आपला नंबर मागं मागं सरकवत, दुपारपर्यंत थांबला होता. कुणी कुणाला काही कबूल केलेलं नव्हतं बरं!

त्यानंतर दरवर्षी तेच घडू लागलं. ती भाकरी आणि ठेचा बांधून न्यायची. तो चहा सांगायचा. पहिल्या वर्षी ती त्याला 'भाऊ' म्हणाली होती. मग तो शब्द तिच्या तोंडून गळाला तो गळालाच. हाक न मारताच ती बोलायची, आणि तोही ते ओळखून गालात हसायचा.

उरलेलं वर्ष मात्र जाता जात नसे. कुरुंदा काही परमुलूख नव्हे, पण विधवा बाईनं तिकडं जायला निमित्त काय सांगावं? तूर खुडताना, कापूस वेचताना ती मनात बोलायची, उत्तरंही तीच द्यायची. बाजारात कुठं खाकी कापड दिसलं की काळीज लक्कन हले. तिला तो हवा होता. साधी गोष्ट होती, आणि तीच होत नव्हती.

आडवं येत होतं ते सासूचं, जनकाबाईचं म्हातारपण. तिला एकुलता एक पोरगा, तोही गेलेला. मनिऑर्डर आली की म्हातारी नोटा कपाळाला लावून शेजारणीला सांगायची, "माझ्या कोंड्याचा पगार आला व माय!" चांगुणानं लग्न केलं की तो पगार बंद होणार होता.

अशी काही वर्षं गेल्यावर एका नोव्हेंबरात जनकाबाई म्हणाली, "म्या बी येते वसमतला." म्हातारीला डोळ्यांनी कमी दिसायचं, पण सुनेचं सगळं दिसायचं. कचेरीत जळबानं "जयभीम, माय" म्हणताच तिनं त्याचा हात चाचपून धरला आणि त्याला ओढतच कारकुनापुढं नेलं.

"सायेब, दिरासंगं पाट लावला तर पगार बंद होत न्हाई म्हनतात. खरं हाय?"

"खरं आहे, आजी. नवऱ्याच्या भावाशी लग्न केलं तर पेन्शन चालू राहते."

"मंग ह्यो घ्या भाऊ! माझ्या कोंड्याच्या पलटनीतला."

चांगुणानं पदर कपाळावर ओढला. जळबा कानापर्यंत लाल झाला.

कारकून भला होता, हसला नाही. "सख्खा भाऊ लागतो, आजी. पलटणीतला चालत नाही."

"संगं जेवले, संगं गोळ्या खाल्ल्या, तरी न्हाई?"

"नाही, आजी."

म्हातारीचा हात सैल पडला. तेव्हा जळबाच पुढं झाला. "माय, पगार जाऊ द्या. तुमी बी चला कुरुंद्याला. माझी मशीन हाय, माझी पेन्शन हाय. तुमाला उपाशी ठेवनार न्हाई."

"भाकर तू देशील रे लेकरा," जनकाबाई म्हणाली. "पर पगार येतो ना... तवा वाटतं, माझं पोरगं कुठंतरी हाय अजून. कमावून ऱ्हायलंय. त्यो बंद झाला म्हंजी..." मग ती सुनेकडं वळली. "तू जा, पोरी. म्या अडवत न्हाई."

अडवत नाही म्हणताना तिनं चांगुणाचा पदर मुठीत घट्ट धरला होता. चांगुणानं त्या मुठीकडं पाहिलं, जळबाकडं पाहिलं, आणि टेबलावरचा टाक उचलून कागदावर आपलं नाव लिहिलं. पोलीस पाटलांची सही झाली. मग तिनं टाक जळबापुढं धरला.

"औंदा मला हे होनार न्हाई," तो हलकेच म्हणाला.

"काहून?"

"दरसाल लिहून देतो, की ही बाई कोनाची न्हाई. आन् कुरुंदा येईस्तोवर छातीत दुखत राहते. मला तुमी पाहिजे, चांगुणा... आन् मीच लिहून देऊ?"

ह्या शब्दांची तिनं किती वाट पाहिली होती! आणि ते आले, तेव्हा तिच्या एका हातात टाक होता आणि पदर म्हातारीच्या मुठीत.

"लिहा," ती म्हणाली. "माझ्यासाठी लिहा."

त्यानं कुबडी टेबलाला टेकवली, वाकला, आणि बराच वेळ लावून सही केली. चांगुणानं कागद उचलला. ओल्या शाईवर फुंकर घालायच्या निमित्तानं ती त्याच्याजवळ सरकली, इतकी की तिच्या केसांतल्या खोबरेल तेलाचा वास त्याला आला असेल.

"आजवर तुमी खरं लिहीत आलात," ती पुटपुटली. "आज मातर खोटं लिहिलं."

जळबानं मान वर केली. त्याच्या डोळ्यांत आधी काहीच उमटलं नाही... आणि मग सगळं उमटलं.

"चांगुणा—"

"पुढल्या साली बी असंच खोटं लिहा," ती म्हणाली, आणि कागद कारकुनाच्या हाती देऊन सासूला जिन्यावरून सावकाश उतरवू लागली.