ज्योत्स्नाबाईंचा चिंचोका

दोन हजार अठरा साल. डिसेंबर महिना. कारखान्याचा हंगाम भरात होता आणि भवानीनगरच्या हवेला मळीचा आंबूस वास होता. मी, साखरबाई, तेव्हा गावच्या शिक्षण मंडळाच्या बालवाडीत मदतनीस होते. खिचडी रांधायची, एकोणतीस पोरांची नाकं पुसायची, हे माझं काम.

त्या सकाळी पिंपळीचा समाधान पेंटर रंगाचे डबे घेऊन घाईघाईनं आत शिरला आणि दारातच ज्योत्स्नाबाईंशी धडकला. त्यांच्या हातातली वाटी उडाली. चिंचोके पडवीभर!

"सॉरी हं, बाई…" तो खाली बसून वेचायला लागला. "शाळेत चिंचोके कशाला? भाजून खाता का काय?"

"मतदानाला," बाई म्हणाल्या.

तो हसला. त्या हसल्या नाहीत.

खरंच मतदान असायचं. ज्योत्स्नाबाई नव्या होत्या, तेविशीच्या. रोज सकाळी त्या दोन वाट्या मांडत. एकीपुढे चेंडू, दुसरीपुढे गोष्टीचं पुस्तक. प्रत्येक पोर आपला एक चिंचोका हवा त्या वाटीत टाकणार. जिकडे जास्त, ते आधी. खिचडी का उसळ, हेसुद्धा असंच ठरे. मलाही एक चिंचोका मिळे. पहिल्या दिवशी मी तो हातात धरून नुसती उभीच राहिले. जन्मात मला कुणी काही विचारलं नव्हतं. नवरा कुठल्या गावचा, हे मला गाडीत बसवल्यावर कळलं होतं.

मंडळाचे अध्यक्ष आबासाहेब यांना मात्र हे पटत नव्हतं. "पोरांच्या मनानं शाळा चालती व्हय?" त्यांनी बाईंना बजावलं होतं, "सव्वीस जानेवारीला येऊन बघतो. न्हाय पटलं तर नारळ." बाईंचे वडील रामभाऊ यांनीही तीच तारीख धरली होती. नोकरी टिकली तर ठीक, नाहीतर सोलापूरच्या स्थळाला होकार. मुलगा बाईंनी फोटोतसुद्धा धड पाहिलेला नव्हता.

आबासाहेबांनी भिंतीवर मुळाक्षरं काढायला सांगितली होती. बाईंनी पोरांना विचारलं. चिंचोके पडले उसाच्या बैलगाडीला.

"चार वर्षांच्या पोरांचं ऐकून भिंत रंगवू?" समाधान म्हणाला.

"त्यांचीच भिंत आहे. बघा, जमत नसेल तर…"

"जमत न्हाय म्हनलं का मी?"

तो ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रंगवणारा. उभ्यानं काम करायची सवय. दोन दिवसांत त्यानं अशी गाडी काढली की रस्त्यावरची माणसं थांबून बघत. आणि पायल, आमची सगळ्यात बुटकी पोर, भिंतीपाशी जाऊन रडायला लागली.

"बैल कुठं हायत? मला नुसती चाकं दिसत्यात!"

समाधान हसला नाही. तो पायलशेजारी गुडघ्यांवर बसला आणि तिथून वर बघितलं. बराच वेळ. मग टर्पेंटाइनचा बोळा घेतला आणि दोन दिवसांचं काम पुसायला लागला, खाली पोरांच्या उंचीवर पुन्हा काढायला.

बाई दारात ताट धरून उभ्या होत्या. खिचडी निवून गेली… त्या हलल्या नाहीत.

"गुडघे दुखतील," शेवटी म्हणाल्या.

"दुखू द्या. बाई, मी रोज यावं का, ह्यावर एकदा मत घ्या की."

"चार दिवसांचं काम आहे तुमचं."

"पोरांनी अजून चार बैल सांगितले तर?"

"पोरांनी, का तुम्ही पोरांना?"

चार दिवसांचा महिना झाला. बाईंच्या वेणीत अबोली दिसू लागली.

सव्वीस जानेवारीला झेंडावंदन झालं आणि आबासाहेब काठी टेकत आत आले.

"अक्षरं कुठं हायत? आन् चित्र भुईला टेकवलंय का? उद्याच्या उद्या चुना मारा!"

"चूक माझी हाय, आबा," समाधान पुढे झाला.

"नाही," बाई म्हणाल्या. मान ताठ होती. "मी ठरवलं, पोरांना विचारून. चुना मारायचा तरी त्यांना विचारूनच मारावा लागेल."

तेवढ्यात पायलनं आबासाहेबांच्या तळव्यावर एक चिंचोका ठेवला. "घ्या आबा. तुमाला बी एकच."

दोन वाट्या मांडल्या, एक चुन्याची, एक बैलगाडीची. आम्ही मोठे बाजूला राहिलो. आबासाहेबांनी आपला चिंचोका चुन्याच्या वाटीत खणकन टाकला. मग पोरांची रांग. मोजले तर एकोणतीस विरुद्ध एक.

सोसायटीच्या निवडणुकीत चाळीस वर्षं न हरलेला माणूस. वाटीतल्या एकट्या चिंचोक्याकडे बघत राहिला, आणि पोट धरून हसायला लागला.

"पडलो की! डिपॉझिट गेलं माझं!"

पायलनं त्यांचा हात थोपटला. "उद्या परत मत असतंय, आबा."

"चुना ऱ्हाऊ द्या," ते डोळे पुसत म्हणाले. "आन् बाईंना कायम करा."

पोरं घरी गेल्यावर समाधान डबे आवरत होता. मी चुलीपाशी. त्यानं दोन वाट्या घेतल्या, एकीला बोटानं निळा रंग लावला.

"ही निळी म्हंजे हो. ती दुसरी… न्हाय."

"पोरांना विचारायला हवं," बाई खाली बघत म्हणाल्या.

"ह्यात पोरांना मत न्हाय. मला बी न्हाय. चिंचोका एकच हाय, तुमचा."

बाईंनी त्यानं दिलेला चिंचोका मुठीत घट्ट धरला. मग बिनरंगाची वाटी उचलली आणि पालथी घातली.

मी खिचडीचं पातेलं उगाच घासत बसले. डोळे कशानं झोंबत होते कुणास ठाऊक.

रामभाऊ आठवडाभर रुसले, मग स्वतःच समाधानच्या घरी पिंपळीला जाऊन आले. मे महिन्यात विहारात लग्न लागलं. आबासाहेब गेल्या वर्षी वारले. पण तोवर दर सव्वीस जानेवारीला येऊन एक चिंचोका टाकत आणि बहुधा हरत. पायल आता सहावीत आहे, मास्तरांशी वाद घालते. मी आता घरीच असते, सून विचारते, "आत्या, भाजी कुठली करू?" आणि मी मुद्दाम विचार करायला वेळ घेते.

समाधान आणि ज्योत्स्नाची लेक यंदा बालवाडीत आली. परवा भिंतीच्या नव्या रंगावर मत होतं, मीही बघायला गेले. तिनं बापाच्या रंगाविरुद्ध चिंचोका टाकला. बाप हरला. गुडघ्यांवर बसून भिंत पुसू लागला.

आणि ज्योत्स्नाबाई दारात ताट धरून उभ्या होत्या. खिचडी निवत होती.