प्रियदर्शनीचं पान

प्रिंटरनं शेवटचं पान बाहेर टाकलं आणि बिरप्पांनी गठ्ठा उपसायला सुरुवात केली. वरून खाली, खालून वर. मग डोक्याचा पटका काढून त्यांनी टेबलावर ठेवला. म्हणजे आता प्रकरण हातघाईवर आलं.

"ह्यात बी माझी पोरगी न्हाय! तिसऱ्यांदा न्हाय!"

सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या वधू-वर सूचक केंद्राचे मालक हिंदुराव घामानं निथळत होते. उद्या मेळावा. मुलामुलींचे बायोडाटे छापून पाहुण्यांच्या हातात द्यायचे, आणि बिरप्पांच्या प्रियदर्शनीचं पान तेवढं दर खेपेला गायब.

"पोरीची आज्जी म्हणती, करणी केली कुणीतरी," बिरप्पा गरजले. "उद्या पान दिसलं न्हाय, तर आमच्या सांगोल्याकडचा एक बी पाव्हणा मेळाव्यात थांबायचा न्हाय. सांगून ठेवतो!"

म्हणून तर राजनंदिनी बंडगरला बोलावणं गेलं होतं. ती तिथलीच खासगी गुप्तहेर. खून-दरोड्यांवर सोलापुरात गुप्तहेराचं पोट भरत नाही. ते भरतं लग्नाआधीच्या चौकशांवर. मुलगा दारू घेतो का, मुलीचं आधी कुठं जमलेलं का, अशा शोधांत तिची हयात चालली होती. सोबत असायचे तिचे मामा, कोंडीबा. एसटीतून निवृत्त झालेले कंडक्टर. फुकट्या प्रवाशांचे चेहरे जन्मभर ओळखल्यामुळं गुन्हेगार आपल्याला नजरेनंच कळतो, अशी त्यांची समजूत होती. ती अजून एकदाही खरी ठरली नव्हती, पण समजुतीचं कुठं पुराव्यावाचून अडतं?

कोंडीबांची नजर कोपऱ्यात लॅपटॉप घेऊन बसलेल्या अंकितावर गेली. छपाईचा प्रोग्राम हिनं बनवलेला. चेहरा उतरलेला, डोळे लाल. "हीच," ते भाचीच्या कानात म्हणाले.

"थांबा हो, मामा." राजनंदिनी अंकितासमोर बसली. "तुझा प्रोग्राम करतो तरी काय?"

"सोपं आहे, ताई. एक बटण दाबायचं. मग 'छापायचे' या फोल्डरमधली एकेक फाइल तो उघडतो, तिच्यावर नंबर टाकतो, छापतो आणि पुढची घेतो. आधी मंजुनाथकाका एकेक करून छापायचे. दोन दिवस जायचे त्यात."

"आणि एखादी फाइल अडली तर?"

"तर ती सोडून पुढं जायचं. मशीन थांबता कामा नये, ही हिंदुरावकाकांचीच अट."

"कशानं अडते फाइल?"

"बिघडली असली, नाहीतर दुसऱ्या कंप्यूटरवर कुणी उघडून ठेवली असली तर. पण ऑफिसातल्या दोन्ही कंप्यूटरवर मी पाहिलं, कुठंच उघडी नाही. बिघडलेलीही नाही. काल सगळं फोल्डर माझ्या लॅपटॉपवर घेऊन घरी छापलं, तर प्रियदर्शनीसकट सगळे आले!" ती राजनंदिनीकडं सरकली. "ताई, बार्शीला वडलांशी बोली झालीय. माझं हे पहिलं काम नीट झालं, तर दोन वर्षं लग्नाचा विषय बंद आणि मी माझा धंदा बघायचा. नाही झालं, तर पुढच्या मेळाव्याला ह्याच फोल्डरमध्ये माझी फाइल. टाइप करून तयार ठेवलीय त्यांनी."

कोंडीबांना पोरीची दया आली आणि त्यांनी लगेच गुन्हेगार बदलला. आता मंजुनाथ.

मंजुनाथ अक्कलकोटकडचा, केंद्रातला जुना टायपिस्ट. प्रोग्राम आल्यापासून गाल फुगवून बसलेला.

"अय्यो, मी कशाला करतोय?" तो म्हणाला. "प्रोग्राम बंद पडू दे म्हणून सिद्धेश्वराला नारळ बोललोय, ते खरं. पण पान कशाला लपवू? त्या पोरीचा बायोडाटा मीच टाइप केलाय की!"

"नारळ बोलला! कबुली झाली," कोंडीबा पुटपुटले.

एवढ्यात हिंदुरावांच्या पत्नी तानाबाई चहा घेऊन आल्या. केंद्र पुढच्या खोलीत, घर मागं. चहा कोरा होता.

"दूध नासलं बगा," त्या म्हणाल्या. "ह्या उन्हाळ्यात लाइट सारखी जाती, फ्रीज बंद पडतो."

"इन्व्हर्टर नाही का?" राजनंदिनीनं विचारलं.

"हाय की. पण फ्रीजचं काढून त्याच्यावर दुसरं लावलंय." आणि दुसरं काय ते न सांगताच त्या लगबगीनं आत गेल्या.

राजनंदिनी रिकामे कप घेऊन त्यांच्या मागोमाग गेली, आणि मामा तिच्या मागोमाग. आतल्या खोलीत देव्हारा, आणि देव्हाऱ्यासमोर टेबलावर एक जुना कंप्यूटर. त्याची पाठ माणसांकडं, तोंड देवाकडं. पडदा काळा, पण बारका हिरवा दिवा चालू. वर हळदीकुंकू आणि शेवंतीचं टवटवीत फूल. दसऱ्याला यंत्राची पूजा केली असणार, असा कोंडीबांनी मनाशी निकाल दिला. कंप्यूटर नीट फिरवून ठेवावा म्हणून त्यांनी हात पुढं केला.

"हात लावू नगा!" तानाबाई किंचाळल्या. मग सावरून म्हणाल्या, "आमच्या शिवराजचा हाय तो. कुर्डुवाडीला रेल्वेच्या कारखान्यात हाय न्हवं त्यो. घरी बसून काम बघता यावं म्हणून त्याच्या बापानं ऑफिसला जोडून घेतलाय. मला त्यातलं काय कळतंय? बायोडाटे मी बघत बी न्हाय."

"शिवराजचं लग्न झालं?"

तानाबाईंनी सुस्कारा सोडला. "कुटलं हो! केंद्रातली पोरगी आपल्या घरात आणायची न्हाय, हा ह्यांचा नेम. लोक म्हणतील, चांगलं तेवढं आपल्याकडं ओढतो."

"तेही खरंच," राजनंदिनी म्हणाली. "बिरप्पांची मुलगी तरी कशी आहे हो?"

"लई गुणाची! रंगानं सावळी, पण डोळे कसे पाणीदार. बीएस्सी शिकून बापाबरोबर मेंढरामागं जाती, लाज न्हाय कसली."

"कधी भेटलात?"

"भेटायला कुटं जमतंय, बाई," तानाबाई म्हणाल्या आणि कप विसळायला वळल्या.

थोड्या वेळानं राजनंदिनीनं सगळ्यांना त्या आतल्या खोलीत गोळा केलं. बिरप्पा पटका काखेत मारून दारात उभे राहिले. कोंडीबांनी संधी साधून मंजुनाथकडं बोट दाखवलं.

"मामा, बोट खाली घ्या," राजनंदिनी म्हणाली. "पान कुणी चोरलं नाही आणि करणीही कुणी केली नाही. अंकिताच्या घरी सगळी पानं आली, म्हणजे प्रोग्राम चांगला आणि फाइलही चांगली. मग फाइल अडायला एकच कारण उरतं. कुणीतरी ती उघडून ठेवलीय."

"पण ताई, दोन्ही कंप्यूटर मी पाहिले," अंकिता म्हणाली.

"ऑफिसातले दोन. तिसरा हा घरातला, ऑफिसला जोडलेला, तो तुला कुणी सांगितलाच नाही. आता बघा. भर उन्हाळ्यात दूध नासलं तरी चालेल, पण इन्व्हर्टर फ्रीजला नाही. मग कशाला? ज्या कंप्यूटरला घरात कुणी हात लावत नाही, त्याचा दिवा लाइट जाऊनही चालू! त्याच्यावर हळदीकुंकू आहे. मामा म्हणतील दसऱ्याचं. दसरा होऊन सहा महिने झाले, आणि फूल आज सकाळचं आहे. बायोडाटे बघत नाही म्हणणाऱ्या तानाबाईंना, कधी न भेटलेल्या मुलीचे डोळे पाणीदार आहेत हे ठाऊक आहे. आपल्याकडं स्थळ मनात भरलं की पत्रिका देवापुढं ठेवायची रीत आहे. पण कागद छापून घ्यावा, तर तो नवऱ्याच्या नजरेला पडणार."

तिनं माउस हलवला. पडदा उजळला, तसे सगळे बाजूनं डोकावले. मेंढरांच्या कळपात उभी राहून हसणारी प्रियदर्शनी थेट खंडोबाच्या टाकाकडं बघत होती.

"तानाबाईंनी कागदाऐवजी कंप्यूटरच देवापुढं ठेवला. ठेवलेलं मिटायचं नसतं, म्हणून लाइट गेल्यावरही चालू राहायची सोय केली. फाइल उघडी, म्हणून प्रोग्राम अडायचा. आणि हिंदुरावांची अट, म्हणून न बोलता पुढं जायचा."

तानाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. "शिवराजला दाखवलाय मी फोटो," त्या हळूच म्हणाल्या. "त्याला बी पसंत हाय."

हिंदुराव भडकले. "अगं, देवापुढं ठेवल्यावर इघ्न आलं तर सोयरीक सोडून द्यायची असती! हितं तर गुप्तहेर घरात आला! ह्याच्यापेक्षा मोठं इघ्न असतंय व्हय? देव न्हाय म्हणाला, मिटलं!"

"इघ्न?" तानाबाईंनी पदर खाली घेतला. "तीनदा छापाय गेलासा. तीनदा देवानं पोरीचं पान दुसऱ्या कुणाच्या हातात जाऊ दिलं न्हाय. ह्याच्यापेक्षा मोठा कौल कसला पायजे तुमाला?"

तीस वर्षं दुसऱ्यांची लग्नं जमवणारे हिंदुराव आता बिरप्पांकडं बघायला लागले.

बिरप्पांनी आधी देव्हाऱ्याकडं पाहिलं, मग तानाबाईंकडं. पटका पुन्हा डोक्यावर चढला. त्यांनी पोरीला फोन लावला, सगळी हकिगत सांगितली आणि सगळ्यांना ऐकू यावं म्हणून फोन पुढं धरला.

"अप्पा, भेटायला काय हरकत हाय?" तिकडून आवाज आला. "पण उद्या माझं पान वाटा. एकाच गिऱ्हाइकाच्या भरवशावर आपण बाजारातनं मेंढरं माघारी नेतो का?"

बिरप्पा खो खो हसले. हिंदुरावही हसले, कारण पोरगी त्यांनाही आधीपासून आवडली होती, फक्त नेमापायी तसं बोलायची चोरी होती. पान सगळ्यांना वाटल्यावर मात्र, चांगलं तेवढं ओढलं असं कुणी म्हणणार नव्हतं. "मेळावा झाला की शिवराजला बोलवून घे," ते बायकोला म्हणाले.

तानाबाईंनी देवाला हात जोडून फाइल मिटायची परवानगी दिली. अंकितानं बटण दाबलं. पानं सरसर येत राहिली आणि मधेच प्रियदर्शनी बाहेर आली. मंजुनाथनं ते पान स्वतःच्या हातानं गठ्ठ्यात सारखं केलं. बोललेला नारळ आता कशाबद्दल फोडायचा, एवढाच त्याचा प्रश्न उरला होता.

"लई झ्याक प्रोग्राम हाय की!" हिंदुराव म्हणाले. "पुढच्या मेळाव्याचं काम बी तुलाच. फक्त फाइल अडली की वरडायला सांग त्याला."

अंकितानं वडलांना फोन लावला. कोंडीबा जवळच उभे होते, त्यांना दोन्हीकडचं ऐकू येत होतं.

"बाबा, झालं काम. सगळी पानं आली."

वडील म्हणाले, "अगं, पण उद्याच्या मेळाव्यात एक स्थळ..."

"बाबा, बोली म्हणजे बोली. माझी फाइल पुसून टाका."

"बरं बाई. टाकतो पुसून."

अंकितानं फोन खाली ठेवला. "दोन वर्षं!" ती म्हणाली, आणि सगळ्यांच्या देखत हसता हसता रडायला लागली.