पाणी निजू नये म्हणून

बसा ना, घाई कसली? लाईट आल्याशिवाय हा संगणक काही डोळे उघडायचा नाही. तोवर या दिव्याच्या उजेडात बोलू.

मघाशी तुम्ही दोघांनी विचारलंत, की बाई, इतकी वर्षं लोकांना देशोदेशी पाठवता, तर तुम्ही स्वतः पाहिलेली सगळ्यात सुंदर जागा कोणती? सगळेच विचारतात. मी आपली भिंतीवरच्या पोस्टरांकडे बोट दाखवते. बर्फाची शिखरं, पोवळ्यांचे समुद्र, क्षितिजापर्यंत फुलांची शेतं. खरं सांगू? त्यातलं निम्मंही मी पाहिलेलं नाही. सहल ठरवणाऱ्याच्या नशिबी खुर्चीच असते.

पण एक जागा पाहिली आहे. तिचं पोस्टर इथे नाही.

माझी थोरली बहीण आहे, ताई. तिच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर जुन्या कॅलेंडरांची पानं चिकटवलेली असायची. तारखा कापून टाकायची, चित्रं ठेवायची. भाजी चिरता चिरता ही एक डोंगर चढून येते, असं भावोजी म्हणायचे. भावोजी भला माणूस, पण पाऊल गावाबाहेर पडेल तर शपथ. ‘रिटायर झालो की जाऊच एकदा,’ हे त्यांचं ठरलेलं उत्तर. रिटायर झाले, आणि वर्षाच्या आतच गेले. एकटेच गेले.

ताईनं ती सगळी चित्रं उतरवली. भिंतीवर नुसते चौकोन राहिले, बाकीच्या रंगापेक्षा जरा उजळ. बोलायची, जेवायची, पण सगळं कुणीतरी सांगितलंय म्हणून केल्यासारखं. मला ते बघवेना. मग आमच्याकडच्या एका जुन्या ड्रायव्हरनं एक तळं सुचवलं. रस्ता जिथे संपतो, तिथे. “बाई, त्याच्यापुढे तुमची ही सगळी पोस्टरं पाणी भरतील,” म्हणाला. मी ताईची बॅग भरली आणि तिला जवळजवळ ओढतच बसमध्ये बसवलं.

शेवटच्या वळणावर बसमधली बोलणी आपोआप बंद पडली. तुम्हाला कसं सांगू... चारी बाजूंनी डोंगर, खाली काळेशार सूचिपर्णी वृक्ष, वर उघडा खडक, त्याच्याही वर बर्फ. आणि मधोमध ते पाणी. निळं म्हणावं तर हिरवं, हिरवं म्हणावं तर आतून उजेड लावल्यासारखं. हवेत ओल्या दगडाचा आणि झाडांच्या चिकाचा वास. मी ताईकडे पाहिलं. तिनं दोन्ही तळवे खिडकीच्या काचेला टेकवले होते, लहान मुलीसारखे.

“अगं,” ती म्हणाली. “अगं बाई.” कित्येक महिन्यांनी तिचा स्वतःचा आवाज ऐकला मी.

पाण्याच्या काठाला एकच घर होतं, लाकडी, दुमजली. मालकीणबाई साठीच्या, कमरेला किल्ल्यांचा जुडगा, बोलणं मोजकं. वरच्या खोलीत दोन पलंग, जाड लोकरीच्या रजया, कोपऱ्यात लोखंडी शेगडी आणि तळ्याकडे उघडणारी भली मोठी खिडकी. पाहुण्या आम्ही दोघीच. खाली एक लाकडी धक्का, आणि पाण्यात एक होडी. मालकीणबाईंचे धाकटे भाऊ ती वल्हवत होते. होडीत दुसरं कुणी नव्हतं.

पहिल्या दिवशी काही वाटलं नाही. पण दुसऱ्या दिवशीही पहाटेपासून ते तसेच. या टोकापासून त्या टोकापर्यंत जायचे, वळायचे, परत यायचे. मासे धरत नव्हते, माणसं नेत नव्हते. दुपारी डोंगरावरून वारा उतरला आणि पाण्यावर लाटा उठल्या, की होडी बांधून जेवायला यायचे.

ताईला आता कंठ फुटला होता. जेवताना तिनं विचारलंच, “अहो नावाडीदादा, रोज इतकं फिरता, कुणाचं काही हरवलंय का पाण्यात?”

ते हसले नाहीत. “पाणी निजू नये म्हणून फिरतो, ताई.”

“म्हणजे?”

“दुपारपासून रात्रभर इथे वारा असतो, तो पाण्याला जागं ठेवतो. पहाटे वारा पडतो. मग माझी पाळी.”

“आणि निजलं तर?”

त्यांनी बहिणीकडे पाहिलं. मालकीणबाई म्हणाल्या, “भात घ्या अजून.” ते मात्र ताटाकडे बघत हळूच बोलले, “निजलं की त्याला स्वप्नं पडतात.”

खोलीत आल्यावर आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. “पाण्याला स्वप्नं पडतात म्हणे! आणि घोरतं का गं?” असं म्हणून ताई रजईत तोंड खुपसून हसत राहिली. मी मनातल्या मनात त्या ड्रायव्हरला हात जोडले.

ते दिवस फार सुखाचे गेले. आम्ही काठाकाठानं चालायचो, दगडावर बसून पाय पाण्यात सोडायचो. समोरचा डोंगर उन्हात सोन्याचा व्हायचा, ढग आला की जांभळा. समोर नुसता सरळसोट कडा होता, वर जायला पायवाट सोडाच, गवताची काडी नव्हती. ताई तासन्‌ तास त्याच्याकडे बघायची. “हे यायला हवे होते,” एवढंच एकदा म्हणाली. रडली नाही.

मग ती सकाळ आली.

मला जाग आली ती शांततेनं. रोज झोपेतही वल्ह्यांचा आवाज कानावर असायचा, चुबुक... चुबुक... तो नव्हता. पक्षी नव्हता, पान हलत नव्हतं. खोलीत एक वेगळाच उजेड होता, छतावर पडलेला, खालून वर आलेला. शेजारचा पलंग रिकामा. जिन्यात मालकीणबाई भेटल्या, हातात काढ्याचं भांडं. भावाला रात्रीपासून सडकून ताप भरला होता, शुद्ध नव्हती. “तुम्ही खाली जाऊ नका आज,” त्या म्हणाल्या.

“ताई कुठेय?”

त्यांनी बाहेरच्या दाराकडे पाहिलं.

मी धावतच बाहेर आले आणि दाराशीच थबकले. खोटं कशाला बोलू? त्या क्षणी मी ताईला विसरले. तळं नव्हतंच तिथे. तिथे दुसरा डोंगर होता, दुसरं आकाश होतं, उलटं, पण खऱ्यापेक्षा स्वच्छ. एकेक खडक, बर्फाची एकेक रेघ. वरचं जग त्याच्यापुढे धुवून धुवून विटलेल्या कापडासारखं दिसत होतं. इतकं सुंदर मी काही पाहिलेलं नाही. पुढे पाहीन असंही नाही. डोळ्यांतून पाणी आलं माझ्या, आणि का ते कळेना.

मग मला ती वाट दिसली.

पाण्यातल्या डोंगरावर पायवाट होती. नागमोडी, पांढरी, कड्यावरून थेट काठापर्यंत आलेली. मी मान वर करून खऱ्या डोंगराकडे पाहिलं. उघडा कडा. पुन्हा खाली पाहिलं. वाट होती. आणि वाटेवरून माणसं येत होती, सावकाश, एकामागून एक, सहलीला निघाल्यासारखी. कुणाच्या खांद्यावर पिशवी, कुणाच्या हातात काठी. वर कुणीही नव्हतं.

ताई धक्क्याच्या टोकाला उभी होती.

“ताई...”

तिनं वळून पाहिलं नाही. “बघ गं,” ती म्हणाली, अगदी हळू, झोपलेलं मूल उठू नये अशा आवाजात. “ते तिसरे... चाल बघ.”

मी पाहिलं. डावा पाय जरा ओढत, हात मागे बांधून. भावोजींची चाल हजारांत ओळखू आली असती. आमच्या गावाबाहेर कधी न गेलेला तो माणूस तिथे, पाण्यातल्या त्या डोंगरावर, चालत होता.

“जाऊच एकदा म्हणायचे ना...” ताई म्हणाली. “बघ, आले.” आणि तिनं धक्क्यावरून पाऊल पुढे टाकलं.

आवाज आला नाही. पाण्यावर तरंगही उठला नाही. घोटा, गुडघा, कंबर... जिना उतरावा तशी ती उतरत गेली, आणि ते पाणी काचेसारखं निश्चल. मी ओरडायला हवं होतं, ओरडले नाही. त्याहून वाईट सांगते. ते चित्र मोडावंसं मला वाटत नव्हतं. वाटत होतं, किती छान... जाऊ दे ना तिला.

ताईचे केस पाण्यात गेले, तशी मी भानावर आले. होडीत उडी टाकली, वल्हं उचललं आणि सारा जीव एकवटून पाण्यावर आपटलं. एकदा. दोनदा. पाणी कण्हल्यासारखा एक आवाज झाला. डोंगर थरथरला, वाट तुटली, वाटेवरची माणसं जागच्या जागी थांबली आणि त्या सगळ्यांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. मी डोळे मिटून वल्हं मारत राहिले. उघडले तेव्हा समोर नुसत्या लाटा होत्या आणि त्यांत काहीतरी पांढरं हेलकावत होतं. मी ओणवी झाले, हाताला हात लागला. धरला आणि ओढला.

ताई होडीत आली. खोकली, पाणी ओकली, आणि माझ्याकडे बघून हसली. “किती सुंदर होतं गं,” म्हणाली.

नावाडीदादा रजई गुंडाळून, भिंत धरत धरत धक्क्यापर्यंत आले होते. मी ताईला धक्क्यावर उतरवलं, तशी मालकीणबाई नको नको म्हणत असताना ते होडीत चढले आणि वल्हवू लागले. जाताना त्यांनी मला विचारलं, “डोकं बुडालं होतं का?”

“क्षणभरच,” मी म्हटलं.

त्यांनी होडी आत वळवली. मालकीणबाई तेवढ्या म्हणाल्या, “आजच्याच बसनं निघा.” त्यांनी ताईकडे एकदाही पाहिलं नाही.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. आणि सांगायला आनंद वाटतो की ताई सुधारली. सुधारली म्हणजे काय, पालटली! गाते, जेवते, शेजारणींना हसवते. भावोजींचं नाव निघालं तरी डोळे भरत नाहीत तिचे. ओट्यावरची भिंत पुन्हा चित्रांनी भरली आहे. मी म्हणायचे, त्या जागेनं माझी बहीण मला परत दिली. अगदी परवापर्यंत म्हणायचे.

परवा काय झालं, तर तिला आता उंचावरच्या सहलीला जायचंय. तिच्या वयाला डॉक्टरांचं पत्र लागतं, म्हणून कोपऱ्यावरच्या नव्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेले. तरुण मुलगी, हसतमुख. तिनं ताईच्या छातीला नळी लावली. नळी जरा सरकवली. पुन्हा सरकवली. मग एकदम उजवीकडे नेली आणि तिचा चेहरा खुलला.

“आजी, तुमचं हृदय उजव्या बाजूला आहे! कुणी सांगितलं नाही का आजवर? जन्मापासूनच असतं असं काहींचं. घाबरायचं कारण नाही, ठोके छान आहेत. खुशाल फिरा.”

ताई हसली. माझ्याकडे बघून हसली.

ताईची दोन बाळंतपणं झाली आहेत. पित्ताशयाचं ऑपरेशन झालं आहे. किती डॉक्टरांनी त्या छातीला नळी लावली असेल, नसेल लक्षात आलं कुणाच्या, असं म्हणू एक वेळ. पण आई गेली तेव्हा मी लहान होते. एकटीला झोप यायची नाही, तेव्हा ताई मला कुशीत घ्यायची, आणि तिच्या छातीला कान लावून मी झोपी जायचे. रोज, कितीतरी वर्षं.

ताईचं हृदय कुठल्या बाजूला होतं, ते मला माहीत आहे.