चार, चार आणि दोन

सानगडीत गोपीचंदच्या ऑनलाइन सेंटरसमोर एक राईस मिल होती. दिवाळीनंतर धानाचे ट्रॅक्टर लागले की मिलचा बारीक भुसा रस्ता ओलांडून दुकानात यायचा आणि टेबलाच्या काचेवर पिठासारखा बसायचा. गोपीचंद सकाळी शटर उघडून आधी काच पुसायचा, मग देवाला उदबत्ती लावायचा आणि मग कॉम्प्युटर चालू करायचा. हा क्रम तो कधी मोडत नसे. सव्वीस वर्षं शाळेत कारकुनी केलेला माणूस. अर्जात जन्मतारखेचा आकडा इकडचा तिकडे झाला तर त्याला जेवण गोड लागत नसे. बायको म्हणायची, यमाचं बोलावणं आलं तरी हा आधी कागद तपासून घेईल.

त्याने भरलेला एकही अर्ज कधी परत आला नव्हता. पहिला अडला तो वीरेंद्रचा.

वीरेंद्र हा भैय्यालाल आणि शकुनबाईचा एकुलता एक मुलगा. समोरच्याच मिलमध्ये पोती वाहायचा. पोलंडमध्ये टोमॅटो पॅकिंगचं काम मिळालं होतं आणि तिथल्या मालकाने एका वर्षाचा वर्क परमिट पाठवला होता. परमिट आला म्हणजे झालं, असं त्याला वाटलं होतं. गोपीचंदने समजावलं, "परमिट म्हणजे मालकानं बोलावलं. व्हिसा म्हणजे सरकारनं दार उघडलं. दार अजून बंद आहे." पासपोर्ट, पोलिसांचा दाखला, विमा, पांढऱ्या पडद्यासमोर काढलेला फोटो, सगळं गोपीचंदने स्वतः लावून दिलं. पोरगं मुंबईच्या व्हिसा केंद्रात बोटांचे ठसे द्यायला गेलं आणि तसंच परत आलं.

"काकाजी, आधी उजव्या हाताची चार बोटं ठेवाले सांगतलं, मंग डाव्या हाताची चार, मंग दोन्ही आंगठे," तो म्हणाला. "तीन खेपा केल्या. काचेवर काहीच येत नाही. पोत्यांनी बोटं पार घासून टाकली."

केंद्राने नवी तारीख दिली होती, एकवीस नोव्हेंबर, सकाळी साडेदहा. गोपीचंदने त्याची बोटं उजेडात धरून पाहिली. नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत होती.

"तोवर हाताले काम लावू नको," तो म्हणाला. "तेल चोळ. रेषा परत येतात."

शकुनबाईने हे मनावर घेतलं. तिने पोराला मिलमध्ये जाऊ दिलं नाही, शेतावर जाऊ दिलं नाही, जेवतानासुद्धा हातात चमचा दिला. रोज दुपारी त्याला ओसरीवर बसवून मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल एकेका बोटाला चोळायची. आयाबाया हसायच्या, नवरदेवाची हळद चालली आहे म्हणायच्या. तीही हसायची.

सहा दिवस तो घरात बसला. सातव्या दिवशी कंटाळून दुपारचा तळ्यावर पोहायला गेला आणि शिंगाड्याच्या वेलीत पाय अडकून राहिला. एरवी त्या वेळी तो मिलमध्ये पोती वाहत असता. हे सगळ्या गावाला कळत होतं, म्हणून कोणी बोललं नाही.

गोपीचंद त्यांच्या घरी पोचला तेव्हा प्रेताला आंघोळ घालत होते. शकुनबाईने पोराचा हात हातात घेतला होता. गोपीचंदला पाहताच तिने तो हात वर केला, पंजा उघडून त्याच्यापुढे धरला.

"पहा भाऊ," ती म्हणाली. "रेषा आल्या."

त्याने पाहिलं नाही. त्या न पाहण्याची लाज त्याला पुढे कायम वाटली.

चार दिवसांनी तो पुन्हा गेला. अर्ज रद्द करायचा तर मृत्यूचा दाखला लागणार होता. शकुनबाई भिंतीला टेकून बसली होती.

"तारीख काहून काढता?" ती म्हणाली. "तिथं तरी त्याचं नाव हजेरीत आहे. राहू द्या."

नियमाने हे बसत नव्हतं. पण गोपीचंदने मान हलवली, आणि आयुष्यात पहिल्यांदा एक कागद मुद्दाम तसाच ठेवला.

दहावा दिवस एकवीस नोव्हेंबरलाच आला. त्या रात्री रिवाजाप्रमाणे घरात जमिनीवर तांदळाचं पीठ पसरलं आणि वर टोपलं पालथं घातलं. गेलेला माणूस पुढे कोणत्या जन्माला गेला त्याची खूण सकाळी पिठात दिसते, असं मानतात. कोणाला पाखराचा पाय दिसतो, कोणाला सापाची ओळ. गोपीचंदचा यावर विश्वास नव्हता. पण सकाळी तो होता तिथे, पोराचं तेवढं देणं तरी तो लागत होता.

भैय्यालालने टोपलं उचललं.

शेजारच्या ताराबाई वाकल्या. "पाखरू नव्हे," त्या म्हणाल्या. "मांजर बी नव्हे. हे काय होय?"

पिठात एका ओळीत चार गोल खुणा होत्या. थोडी जागा सोडून तशाच आणखी चार. खाली मधोमध दोन मोठ्या, एकमेकींना लागून. प्रत्येकीत बारीक वळणदार रेषा होत्या.

"उंदीर असंल," गोपीचंद म्हणाला. आपला आवाज आपलाच आहे का, असं त्याला वाटलं.

त्या दिवशी त्याने काच पुसली नाही, उदबत्ती लावली नाही. सरळ कॉम्प्युटर उघडून वीरेंद्रच्या अर्जाचा नंबर टाकला.

बोटांचे ठसे घेतले. २१ नोव्हेंबर, सकाळी १०.३२.

त्याने पान तीनदा नव्याने उघडलं. मग केंद्राच्या नंबरवर फोन लावला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "आवेदक स्वयं उपस्थित थे, सर."

गडबड असणार, दुसऱ्या कोणाचा नंबर याच्यावर चढला असणार, असं त्याने स्वतःला बजावलं. मृत्यूचा दाखला जोडून मेल केला, आठ दिवसांनी पुन्हा केला. उत्तर आलं नाही. डिसेंबरच्या मध्यावर कुरियरने वीरेंद्रचा पासपोर्ट आला. आत व्हिसा लागलेला होता.

शकुनबाईने तो डोळ्यांना लावला आणि पोराच्या पिशवीत, तेलाच्या बाटलीशेजारी ठेवून पिशवी खुंटीला अडकवली. महिनाभराने झाडताना तिला पिशवी हलकी लागली. बाटली अर्धी झाली होती. पासपोर्ट नव्हता.

भैय्यालालने तो नदीत सोडला असेल, असं गोपीचंदला वाटलं. बापाचं काळीज, कसं तरी मोकळं होत असेल. त्याने एकदा हळूच विचारलंही.

"मी कायले नेऊ?" भैय्यालाल म्हणाला. "मी तं दारातली त्याची चप्पल बी उचलली नाही अजून."

त्यानंतर शकुनबाई दर बाजाराला सेंटरवर येऊ लागली. खुर्चीत बसून एकच विचारायची, "तिथं थंडी किती आहे, भाऊ?" पहिल्यांदा गोपीचंदला तिची कीव आली, मग रागही आला. मग तो मुकाट्याने पाहून सांगायला लागला. आज उणे चार. आज बर्फ आहे. आज ऊन पडलं. ती मान डोलवायची, उठून खुर्ची टेबलाखाली सरकवायची आणि भाजी घ्यायला जायची. दहा महिने असेच गेले.

पुन्हा दिवाळी झाली. मिलपुढे ट्रॅक्टर लागले. बाजाराच्या दिवशी शकुनबाई आली ती हात पदराखाली घेऊन बसली. थंडीचं तिने विचारलं नाही.

"परमिट एका वर्षाचाच होता नं, भाऊ?"

"हो. या महिन्याअखेर संपतो."

"वाढवता येते?"

"येते. अर्ज करावा लागते."

तिने समोरच्या मिलकडे पाहिलं.

"तो तुमच्याकडेच येईल," ती म्हणाली. "दुसऱ्या कोणाकडून फारम भरत नव्हता."

गोपीचंदने कीबोर्डवरची बोटं मागे घेतली.

"भरू नका, भाऊ. त्याले घरी येऊ द्या. मीच त्याचे हात रिकामे ठेवले. आता आला तं दिवसभर कामाले लावीन. बसू देणार नाही."

तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. गोपीचंदच्या होतं. त्याने होकार दिला. जन्मात कोणाला दिला नव्हता इतका मनापासून दिला.

ती उठली, खुर्ची टेबलाखाली सरकवली. तो तिला दारापर्यंत सोडायला गेला. बाजाराच्या गर्दीत तिची पाठ दिसेनाशी झाली तसा तो परत वळला.

खुर्ची बाहेर ओढलेली होती.

दुकानात मोहाच्या तेलाचा वास होता.

काच त्याने सकाळीच पुसली होती. एवढ्या वेळात तिच्यावर भुशाचा पातळ थर पुन्हा बसला होता. खुर्चीच्या बाजूने त्या थरात चार खुणा होत्या, मग चार, आणि खाली दोन. तेलाने चमकत होत्या.

या खेपेला ठसे पहिल्याच वेळी नीट उमटले होते.