परत आलेली चोरी

चोरानं पैसे परत केले होते. सगळे. म्हणूनच कार्ड कंपनीच्या तपासनीस बाईला हे प्रकरण पहिल्यापासून खटकत होतं.

तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. खुर्च्या चार, एकीचं दुसरीशी जुळत नाही. आणि घरचा कर्ता एकेकाळचा फर्निचर कारखानदार. दिवाळं निघालं, कारखाना गेला, पत गेली. आता तो दुसऱ्याच्या कारखान्यात करवतीवर उभा राहायचा आणि प्रीपेड कार्डावर पत पुन्हा उभी करायचा.

म्हणजे काय, तर कार्डात आधी स्वतःचेच पैसे भरायचे. कंपनी वर्षाची फी कर्ज म्हणून दाखवणार आणि दर महिन्याला कार्डातून तिचा हप्ता कापणार. वर्षभर एकही चुकला नाही तर रेकॉर्डवर चांगली ओळ. एक चुकला तर काळी. बुडालेल्याला पोहता येतं की नाही हे बघायला बादलीभर पाणी भाड्यानं द्यायचं, असला धंदा. बाईचा पगार त्यातूनच निघत होता, आणि असा जिना चढताना तो तिला टोचायचा.

शेवटच्या हप्त्याच्या आदल्या दिवशी कुणीतरी त्या कार्डावर टेबलफॅन घेतला. हप्ता चुकला. दोन दिवसांनी फॅन, बॉक्सही न उघडता, दुकानात परत गेला. पैसे रमतगमत आठवड्यानं कार्डात आले. दुकानदाराला चेहरा आठवत नव्हता, आणि कॅमेरा नुसता शोभेचा. हे काम परक्याचं ठरलं तर काळी ओळ पुसली जाणार होती. घरच्याचं ठरलं तर नाही.

"पिन कुणाला माहीत?"

"घरात सगळ्यांना." कारखानदाराच्या शर्टाच्या खिशातून मोजपट्टीचं पिवळं टोक डोकावत होतं. "कारखान्याच्या जुन्या फोनचे शेवटचे आकडे."

"खर्चाचा मेसेज आला नाही?"

"तो बंद ठेवलाय. त्याचे वेगळे पैसे घेता तुम्ही. हप्त्याचा तेवढा फुकट येतो."

बाईनं मान खाली घातली. "संशय कुणावर?"

"संशय कसला, खात्री आहे. हिचा भाऊ. पत्त्यांचा नाद. इथंच झोपायचा, हप्ता चुकल्यावर हाकलला मी."

ओट्यापाशी बायको पातेलं पुसत होती. बाई आल्यापासून तेच पातेलं.

"तुम्हाला काय वाटतं, वहिनी?"

"मला काय वाटायचंय. ह्यांना वाटतं तेच."

"सख्खा भाऊ आहे तुमचा."

"आहे ना."

बाई कारखानदाराकडे वळली. "हप्त्याची तारीख त्याला माहीत होती?"

"त्याला आजचा वार माहीत नसतो. तारीख मी कुणालाच सांगितली नाही. सांगितलं की बिनसतं."

"त्या दिवशी काय केलंत? सकाळपासून सांगा."

तो ओशाळला. "हसाल तुम्ही. हप्त्याच्या दिवशी मेसेज येईपर्यंत मी जेवत नाही. घासच उतरत नाही. ही ताट झाकून ठेवते, मग दुपार होवो नाहीतर संध्याकाळ."

"आणि या वेळी?"

"या वेळी सकाळीच जेवलो. हिनं समोर बसवलं. म्हणाली, आधी पोटभर खा, मग काय ती वाट बघा. ऐकेचना."

पातेल्यावरचं फडकं थांबलं.

बाईला वाटलं, उठावं आणि निघून जावं. पण तो बाहेर हाकललेला माणूस आठवला.

"जुगारी माणूस वस्तू परत करत नाही," ती म्हणाली. "निम्म्या किमतीत फुंकतो आणि पत्ते मांडून बसतो. या चोराला पैसे नकोच होते. ते फक्त त्या दिवशी कार्डात असायला नको होते. म्हणजे चोरी तारखेची. तारीख कुणाला ठाऊक? तुम्ही तोंडानं सांगितली नाहीत, पोटानं सांगितलीत. अकरा वेळा ताट झाकणाऱ्या बाईला कॅलेंडर लागत नाही. बाराव्या वेळी तिनं ताट झाकलं नाही. मेसेज येणार नाही हे तिला माहीत होतं, आणि तुम्ही उपाशी राहिलेलं बघवणार नव्हतं."

"ही? हिला काय मिळालं त्यातून?"

"झोप," बायको म्हणाली. "मागच्या कर्जावर सही माझीही होती. वसुलीवाले पोरीच्या वर्गाच्या दाराशी जाऊन उभे राहिले. मेलो तरी पुन्हा कर्ज नाही, म्हणाला होतात. मग करवतीवरचा माणूस खिशात मोजपट्टी घेऊन रिकामे गाळे मोजत कशाला फिरतो? पत नसली तर कर्ज कुणी देणार नाही, एवढंच कळलं मला."

"आणि भाऊ?" बाईनं विचारलं.

"त्याच्यावर आळ आला. मी पातेली पुसत बसले."

कारखानदारानं मोजपट्टी काढून टेबलावर ठेवली.

"नव्या कारखान्यासाठी गाळ्याचा विसार देऊन आलोय," तो म्हणाला. "या कर्जावरही तुझी सही लागणार होती. विचारायचं धाडस होत नव्हतं."



"मी काय लिहू?" बाईनं विचारलं.

"लिहा, फॅन मीच घेतला," कारखानदार म्हणाला.

"काळी ओळ राहील."

"राहू दे. माझीच आहे ती."

बाईनं तसंच लिहिलं. पत उभी करायची तर आता पुन्हा पहिल्या हप्त्यापासून सुरुवात, म्हणजे कंपनीला या माणसाकडून आणखी एका वर्षाची फी मिळणार, हे तिला लिहितानाच समजलं.

खालच्या पायरीवर मेहुणा बसला होता. कंपनीची बाई आल्याचं त्याच्या कानावर गेलं असावं.

"कोण निघालं?"

"ते तुमची ताई सांगेल."

"ताई? तिनं माझ्या बाजूनं तोंडसुद्धा उघडलं नाही."

वर दार वाजलं. कुणीतरी अनवाणी पायांनी जिना उतरत होतं, आणि दर पायरीवर थांबत होतं.