हिरव्या दाराआड

शिवपुत्र पहिल्यांदा आमच्या स्टुडिओत आला, तेव्हा मी कापसाच्या बोळ्यानं फोटोतल्या नवरीचे गाल रंगवत होते.

"गाडीचा फोटो काढायचाय," तो म्हणाला.

"मग घेऊन यायची की तिला. लाजते का?"

तो हसला... आणि मग सगळं सांगितलं. वळसंगची त्यांची तेलगिरणी बंद पडली होती. घरची जुनी ब्यूक मोटार विकली गेली होती, फक्त ताबा द्यायचा बाकी होता. अशी गाडी आमच्या भागात दुसरी नव्हती. रविवारी घरचे सगळे हुबळीला निघणार होते, कायमचे.

फोटो काढायला बाबा वळसंगला गेले, मदतीला मी. आभाळ नुसतं भरून यायचं, पडायचं काहीच नाही. उजेड नीट यावा म्हणून मी पांढरी चादर धरून उभी राहिले. तो बॉनेटवर हात ठेवून उभा होता, पण बघत होता माझ्याकडे.

फोटो धुतला, तर गाडीच्या चकचकीत दारात माझं प्रतिबिंब. त्याच्या हाताशेजारीच.

तो बघायला आला. "तपकिरी झाक देऊ, की हातानं रंगवू?" मी विचारलं.

"गाडी काळीपांढरीच ऱ्हाऊ द्या. दारात उभी हाय तिला तेवढा रंग द्या."

"कुठला?"

"अबोली. त्या दिवसाची साडी... इसरंना झालंय की मला."

मला तो आवडला होता. फार आवडला होता. पण ते लिंगायत, आम्ही ब्राह्मण. घरात हा विषय निघणंसुद्धा शक्य नव्हतं.

बाबा आतून आले. त्यांनी फोटो पाहिला, मग मला. "दारात नको ते आलंय, दुर्गा. गाडी हिरवी कर. दारावर दाट रंग दे."

मी दिला. तेलाचा रंग टर्पेंटाइननं पुसता येतो. फोटो देताना हे त्याच्या कानावर घालू, असं मनाशी ठरवलं होतं.

शनिवारी तो आला. मी पाकीट उघडलं, तर फोटो लखलखत होता. बाबांनी वरून वार्निश चढवलं होतं. आता तो रंग कधीच निघणार नव्हता.

"पुसता आला असता..." मी म्हणाले. डोळे भरून आले.

त्यानं फोटो उजेडात धरला. हिरव्या दारावर, आपल्या हाताशेजारी, नेमक्या जागी बोट ठेवलं.

"पुसायचं कशाला? हितंच हायसा की तुमी," तो म्हणाला. "मला म्हाईत हाय."